सलग वहिती

वाशीम, ९ जानेवारी १९७४

आराखडा आज हातात आला. बत्तीस पानं, टंकलिखित, शेवटी रंगीत नकाशा. केनवडच्या पलीकडे सावळदरी नावाचं गाव आहे. तिथली एकशे दहा एकर ई-क्लास, म्हणजे गावच्या ढोरांसाठी सरकारनं राखलेला माळ. त्यातले साठ एकर जून ते दसरा चराईला बंद ठेवायचे. भोवती चर खणायचा, गवताला बी धरू द्यायचं, आणि दसऱ्यानंतर कापून घराघरांत वाटायचं. उरलेल्या पन्नास एकरांत ढोरं. तीन वर्षांत माती वाहायची थांबेल, असं पान सतरावर म्हटलं आहे.

पान अठ्ठाविसावर एक ओळ आहे: 'स्थानिक लोकांचे सहकार्य मिळवावे.' बाकी सगळं पुण्यात ठरलं आहे. ही एक ओळ माझी.

गटविकास अधिकारी म्हणाले, "तुमच्यासारखा चोख विस्तार अधिकारी आहे म्हणून हे गाव घेतलं." ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

२३ जानेवारी

सावळदरीचे सरपंच दौलतराव यांच्याबरोबर माळ पायी पाहिला. स्थिती आराखड्यात आहे त्याहून वाईट. नुसती कुसळी उरली आहे. चांगलं गवत, मारवेल, फक्त बोरीच्या काट्यांत अडकून वाचलंय, जिथे ढोराचं तोंड पोचत नाही तिथे. दोन ठिकाणी खालचा पांढरा मुरूम उघडा पडलाय. नागपूरला कृषी महाविद्यालयात शिकताना एका माळावर माळढोकाची जोडी पाहिली होती, ती आठवली. इथे म्हातारी माणसं सांगतात, पूर्वी होते. आता नाहीत.

पश्चिमेला माळाला लागून दौलतरावांची तूर उभी आहे. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, काटेरी झाडं फारच कोवळी वाटली. मी विचारलं, "धुरा इथूनच का?"

"बापजाद्यापासून इथूनच साहेब."

पावलांनी मोजून पाहिलं, तर नकाशापेक्षा माळ त्या बाजूनं आठ-नऊ एकर तरी कमी भरतो. पण पाऊल म्हणजे साखळी नव्हे. मोजणी न होता असं काही लिहिणं बरोबर नाही. लिहिलं नाही.

बरोबर मधोमध अकरा एकरांत ज्वारीची धसकटं दिसली. गावातल्या बौद्ध वस्तीतली सहा कुटुंबं तिथे पेरतात. सातबाऱ्यावर नाव नाही. दौलतराव फार मोकळेपणानं बोलले. "आपलं काही म्हननं नाई. गरीब मानसं हायेत, खातेत. पन तुमी लिहून घ्या साहेब, नाई तं तुमचा नकाशा खोटा होईन."

मला हे पटलं. आराखड्यात या सहा कुटुंबांचा उल्लेखच नाही. जी माणसं त्या जमिनीवर जगतात ती वगळून सहकार्य कसलं मिळवायचं?

४ फेब्रुवारी

चावडीपुढे सभा. साठ-सत्तर माणसं होती. बौद्ध वस्तीतली मंडळी रस्त्यापलीकडे उभी होती. त्यांना बोलावून सतरंजीवर बसवल्याशिवाय मी सुरुवात केली नाही. सतरंजीवरचे चार-पाच जण उठून पाराच्या कठड्यावर जाऊन बसले. मी ते न पाहिल्यासारखं केलं. ते चुकलंच.

मी योजना समजावून सांगितली. मग माळापलीकडच्या बंजारा तांड्याचे नाईक सोमला उठले. त्यांच्या तांड्याच्या शे-दीडशे गाई.

"साहेब, गाय काय पाटी वाचते? इकडं बंद, तिकडं चालू?"

"म्हणून तर चर खणायचा, नाईक."

"अन् ढोराईनं दसऱ्यापावतर काय खावं? तुमचा नकाशा?"

मोठा हशा झाला. मीही हसलो. पन्नास एकरांत गटागटानं कसं चारता येईल ते जमिनीवर रेघा ओढून दाखवलं. नाईक वाकून पाहत होते. शेवटी म्हणाले, "बरं. पाटलाचं ढोर भाईर, तं माहं बी भाईर. पाटलाचं एक जरी आत दिसलं, तं माह्या साऱ्या गाई आत. मंग मले बोलाचं नाई."

दौलतराव म्हणाले, "मंजूर. लिहून घ्या."

वस्तीच्या वतीनं जानराव बोलला. तिशीचा असेल, चौथी शिकलेला, तोलून बोलतो. "आमच्या वावराचं काय?"

मी सर्वांसमक्ष सांगितलं, की तुमची वहिती आहे तशी राहील अशी शिफारस मी करीन. माळाची राखण तुमच्याकडेच द्यावी, असंही सुचवीन. "शिफारस," जानराव म्हणाला. त्यानं तो शब्द नुसता परत उच्चारला. मग म्हणाला, "चर आमी खंदू. पन जबान तुमची."

"माझी," मी म्हणालो.

११ फेब्रुवारी

आज दिवसभर वस्तीत. सहा कुटुंबांचा तक्ता केला. छापील नमुन्यात चार रकाने असतात: नाव, क्षेत्र, पीक, माणसं. मी पाचवा आखला: 'सलग वहिती कधीपासून'. हा माझ्या डोक्यातला. वहिती किती जुनी ते कळलं, तर शिफारशीला जोर येईल.

जानरावच्या अंगणात बाजेवर बसवलं. त्याची आई भागिरथाबाई सांगायला लागली, आणि मी लिहायचं विसरून ऐकत राहिलो.

"आमी दीक्षा घेतली न, त्याच्या दुसऱ्या साली. गावकीचे कामं सोडले. मंग गावानं कामालेच बलावलं नाई. ह्याचा बाप सब्बल घेऊन माळावर गेला. गोटे इतले, का दिवसभर काढा अन् सांजच्याले पाहा तं तेवढेच!"

"म्हणजे सत्तावन्न साल. तेव्हापासून दरवर्षी पेरता?"

"पेरलं न चार-पाच साल. ज्वारी पोटरीत आली, कनीस फुटाले आलं, का गाववाले ढोरं सोडत अंगावर. एक साल सोडले, दोन साल सोडले. मानूस किती पेरन? देल्लं सोडून."

"माय, तू चूप राह्य," जानराव म्हणाला.

"काहून? साहेब चांगलं इचारून राह्यले." मग माझ्याकडे वळून, "दुस्काळात गावात ढोरंच राह्यले नाई. कोन येते मंग माळावर? तवा पुन्हा धरलं आमी. तवापासून सुटलं नाई."

दुष्काळ म्हणजे १९७२. पाचव्या रकान्यात तेच लिहिलं. सहाही कुटुंबांचं तसंच निघालं. आधीची हकीगत ऐकीव आहे, कागद नाही, कुणी तक्रार केलेली नाही, म्हणून तक्त्यात घेतली नाही. वाचून दाखवून अंगठे घेतले. जानरावनं सही केली, पण पेन हातात धरून बराच वेळ थांबला होता. तो आईवर का रागावला, ते कळलं नाही. तिनं सांगितलेलं सगळं त्यांच्या बाजूचंच होतं.

भागिरथाबाई निघताना म्हणाली, "इतके साल झाले, कोनी बसून इचारलं नाई बाप्पा."

हे वाक्य दिवसभर मनात राहिलं. पान अठ्ठाविसावरच्या ओळीचा अर्थ हाच असावा.

१२ फेब्रुवारी

ललितानं तक्ता वाचला. माझी बायको सातवी शिकलेली आहे, पण सरकारी कागद माझ्यापेक्षा लवकर वाचते. तिनं विचारलं, "आणि दौलतरावांचा धुरा? पुढे सरकलाय म्हणत होतात ना?"

"त्याची मोजणी झालेली नाही."

"आणि म्हातारीची झाली?"

मी म्हटलं, तिनं स्वतः सांगितलं. ललिता म्हणाली, "तेच म्हणते मी. त्यानं सांगितलं नाही म्हणून लिहिलं नाही. तिनं सांगितलं म्हणून लिहिलं."

फरक तांत्रिक आहे. तक्ता पुरवणी म्हणून जोडून आज पाठवला. सोबत शिफारस, दोन पानं.

६ एप्रिल

चराच्या कामाला टंचाई निधीतून मंजुरी मिळाली. वस्तीतली एकोणीस माणसं कामावर. तांड्यातून रामीबाई आणि आणखी चौघी आल्या. गावातून कुणी नाही. दौलतराव म्हणतात, "आमची मानसं वावरात गुतली."

२ मे

ऊन चढण्याआधी काम चालतं. चर तीन फूट खोल, चार फूट रुंद. आज अर्ध्याहून जास्त पुरा झाला. रामीबाई म्हणाली, "साहेब, ह्याच्यात गाय पडो का नाई, तुमी नका पडू. चश्मा लावून मांगं मांगं चालता." वस्तीच्या बायका हसून हसून बसल्या. जानराव त्यांना ओरडला, आणि मग तोही हसला.

एवढं बरं मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. शिफारशीचं उत्तर अजून नाही. स्मरणपत्र पाठवलं.

२८ मे

चर पुरा झाला. माळाला पहिल्यांदा आत आणि बाहेर अशा दोन बाजू झाल्या. वहितीचे अकरा एकर आत येतात. वस्तीला जायला एक वाट ठेवली आहे, आडवा बांबू लावून.

२४ जून

पेरण्या झाल्या. वस्तीनं ज्वारी आणि तूर पेरली. बंद साठ एकरांत कोवळं हिरवं आलंय. चालताना मी पाय उचलून टाकत होतो. सोमला नाईक चराबाहेर उभे राहून पाहत होते. म्हणाले, "होईन साहेब तुमचं." त्यांच्या गाई बाहेर होत्या. दौलतरावांच्याही.

१९ जुलै

तहसिलातून सहा नोटिसा निघाल्या आहेत. जानराव त्या घेऊन कचेरीत आला. माळावरचं अतिक्रमण काढायचं. जुनी सलग वहिती असेल तर विचार होईल. दुष्काळाच्या आधीची नसेल तर रिकामं करावं. सोबत 'आधार' म्हणून एक कागद जोडला होता. मी तो उलटा धरूनही ओळखला असता. रकाने माझ्या हातचे आहेत.

मी वाचत असताना जानराव माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.

तहसील कचेरीत गेलो. नायब तहसीलदार सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "विस्तार अधिकाऱ्याला अतिक्रमणाची शिफारस करता येत नाही. ती दोन पानं आम्ही काढून ठेवली. तक्ता मात्र उत्तम. असं काम आमचा तलाठीसुद्धा करत नाही. मागणी गावातूनच आली होती, योजना आहे तर जमीन मोकळी करा म्हणून. पुराव्याअभावी अडलं होतं."

मी म्हणालो, ही माणसं १९५७ पासून तिथे आहेत. हुसकावली होती म्हणून खंड पडला.

"कुणी हुसकावलं?"

"गावानं."

"तुम्ही पाहिलं?"

नाही. तक्रार? नाही. कागद? "एकच आहे, तुमचाच," ते म्हणाले.

२१ जुलै

सरळ मांडून पाहतो. तो तक्ता खोटा आहे का? नाही. अपुरा आहे का? आहे. अपुरा कुणी ठेवला? मी. का? अपुऱ्याला पुरावा होता, पुऱ्याला नव्हता. पश्चिमेकडचा धुरा का सोडला? तेच कारण. म्हणजे एकाच नियमानं मी दोन कामं केली, आणि दोन्ही दौलतरावांच्या सोयीची झाली. नियम चूक होता, की वापर? आणि हे मला फेब्रुवारीत का दिसलं नाही, जे सातवी शिकलेल्या बाईला स्वयंपाक करता करता दिसलं?

धुऱ्याच्या मोजणीसाठी अर्ज आज पाठवला. ललिता म्हणाली, "आता?"

१८ ऑगस्ट

काल पोळा होता. उद्या सुनावणी. सकाळी जानराव घरी आला. ललितानं चहा दिला. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, एक आकडा हाय. म्हना ना, का चुकून पडला. सत्तावन्नच्या जागी बहात्तर पडला. तुमाले कोन झूट म्हनन? तुमी तं साहेब."

"जानराव, तुमच्या आईनंच सांगितलं होतं, मधे सोडलं म्हणून."

"हो. तुमी खोदू खोदू इचारलं म्हनून सांगतलं." मग म्हणाला, "माही माय खोटं बोलत नाई. ते तिले लागलेलं खूळ हाय. तुमाले बी तेच हाय. पन तिच्या खऱ्यानं आजपावतर कोनाचं वावर गेलं नोतं."

तो गेल्यावर ललिता एवढंच म्हणाली, "एक आकडा."

१९ ऑगस्ट

तहसील कचेरीपर्यंत चालत गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं: 'तक्ता करताना माझ्याकडून सालाची नोंद चुकीची झाली.' खोटं नव्हे, असंही स्वतःला पटवलं होतं. नोंद चुकीची झालीच होती, वेगळ्या अर्थानं.

भागिरथाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. दौलतराव मागच्या बाकावर. मला नमस्कार केला त्यांनी.

नायब तहसीलदारांनी विचारलं, "हा तक्ता तुमच्या हातचा?"

"हो."

"साल बरोबर आहे?"

मी भागिरथाबाईकडे पाहिलं. ती मान हलवत होती, मला धीर द्यावा तशी. बोला, खरं बोला.

"बरोबर आहे."

मग मी पुढे बोलायला लागलो. सत्तावन्न साल, सब्बल, गोटे, पोटरीत सोडलेली ढोरं. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. लेखनिक लिहीत नव्हता. भागिरथाबाईला विचारलं, तिनंही तेच सांगितलं, अंगणात सांगितलं होतं तसंच, शब्दही तेच. जानराव खिडकीबाहेर पाहत होता.

सुनावणी पंधरा मिनिटांत संपली.

२० ऑगस्ट

कशामुळे बोललो नाही ते वाक्य? सत्यासाठी, असं लिहायला हात वळतो. पण त्या क्षणी सत्य वगैरे मनात नव्हतं. 'चोख' हा शब्द होता. माझ्या हातच्या कागदाला मीच चूक म्हणतोय, हे दौलतरावांसमोर, त्या सभ्य गृहस्थांसमोर मला करवलं नाही. अकरा एकर एका बाजूला आणि माझा चोखपणा दुसऱ्या. मी काय निवडलं, ते आता लिहूनही बदलत नाही.

१० सप्टेंबर

तलाठी, दोन शिपाई, पंचनामा. ज्वारी पोटरीत होती. दाणा भरून कापून न्यायला दीड महिना मागितला, मिळाला नाही. मी अर्ज केला होता, तो 'पुढील आदेशासाठी' गेला आहे. चराचा एक भाग माती लोटून बुजवला आणि तिथून ढोरं आत सोडली. वस्तीच्या लोकांनी खणलेला चर. ढोरं दौलतरावांची होती. पंचनाम्यात 'मोकाट जनावरे' लिहिलं आहे.

वस्तीतली माणसं चराच्या काठावर बसून होती. रामीबाईही येऊन बसली होती. मी सायकल धरून उन्हात उभा. भागिरथाबाई म्हणाली, "तुमी काहून उनात उभे साहेब? अठी सावलीत या."

गेलो नाही. जाऊन बसायला हवं होतं का? अजून ठरवता येत नाही.

१३ सप्टेंबर

बुजवलेला चर परत खणायला माणसं मिळत नाहीत. वस्तीतून कोण येणार? गावातून आधीही कुणी नव्हतं. स्वतः फावडं घेऊन गेलो. दोन तासांत हात सोलले, आणि एक फूटही झालं नाही. दौलतरावांची ढोरं बाजूनं आत जात होती. मी हाकलली, ती वळसा घालून आली.

सोमला नाईक आले. पाहिलं. म्हणाले, "साहेब, बोललो होतो."

थोड्या वेळानं तांड्याच्या साऱ्या गाई आत आल्या. त्यांच्यावर रागावायला मला कारण सापडलं नाही.

२२ सप्टेंबर

नऊ दिवसांत साठ एकर संपले. बी धरायला अजून पंधरा दिवस हवे होते. अकरा एकरांत ज्वारीची ताटंही नाहीत. मारवेल पुन्हा फक्त बोरीच्या काट्यांत उरली आहे, जानेवारीत होती तिथेच. मुरूम उघडा पडलेले भाग दोनाचे तीन झाले आहेत. ढोरं आत-बाहेर करतात त्या वाटेवर नवा.

१४ ऑक्टोबर

अकोल्याहून पाहणी. साहेब जीपमधून उतरले नाहीत, चराच्या कडेनं एक फेरी झाली. अहवालाची प्रत आली: चर पूर्ण, अतिक्रमण निर्मूलन पूर्ण, गवत पुढील हंगामात अपेक्षित. 'उद्दिष्ट अंशतः साध्य.' कारंजा भागातल्या एका गावासाठी असाच आराखडा येतो आहे. काम मला द्यावं, अशी शिफारस आहे. शेऱ्यात पुरवणी तक्त्याचा खास उल्लेख आहे.

धुऱ्याच्या मोजणीच्या अर्जाला उत्तर आलं. मोजणीदार उपलब्ध नाही.

कारंजाचं काम नको, असं लिहून दिलं. हेही मनाच्या समाधानासाठीच. दुसरा कुणी जाईल.

६ नोव्हेंबर

वाशीमच्या एसटी स्टँडवर जानराव दिसला. आई बरोबर होती, बाकावर बसली होती. हातात अर्ज, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. कलेक्टरसाहेबांना भेटायला अकोल्याला चालले होते. सहा घरांपैकी चार घरं कारंजाला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेली, असं त्यानं सांगितलं. जानरावचंच घर मागे राहिलं, आणि एक म्हातारा.

अर्ज वाचू का, असं विचारलं. त्यानं दिला. त्यात लिहिलं होतं, १९५७ पासून आजपर्यंत सलग वहिती, एकही साल खंड नाही.

मी कागद परत केला. म्हणालो, "जानराव, मी येतो तुमच्याबरोबर. रजा टाकतो. तक्ता माझा आहे, माझंच म्हणणं तिथे ऐकतील. सगळं सांगतो, पहिल्यापासून."

गाडी लागली. त्यानं आईला हात धरून उठवलं. मग माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता. एखाद्या आजाऱ्याला विचारावं तसं विचारलं.

"खरंच बोलसान न साहेब तुमी?"

मी म्हणालो, "हो."

"मंग नका येऊ."